ब्लॉग बंद करणेबाबत

बडे बाबू आपल्या ब्लॉगला ब्लॉग म्हणत नसत, नस्ती म्हणत. सरकारी कचेरीत फाईलला नस्ती म्हणतात. चौतीस वर्षं फायली सांभाळलेल्या माणसाला निवृत्तीनंतर इंटरनेटवर मोकळं सोडलं की काय होतं, ते त्या ब्लॉगवर दिसायचं. प्रत्येक लेखाच्या उजव्या कोपऱ्यात पान क्रमांक, वर 'विषय', त्याखाली 'संदर्भ'. घरातल्या मुंग्यांवर लिहिलं तरी विषय : 'स्वयंपाकघरातील मुंग्यांच्या रांगेबाबत', आणि संदर्भ : 'सौभाग्यवतीची तोंडी तक्रार'. लोक पोट धरून हसत. पुण्याचे, नागपूरचे, दुबईचे, एक बाई तर कॅनडाहून वाचायच्या. सगळ्यांना वाटायचं, काय गंमत करतो हा माणूस! पहिली दोनतीन वर्षं मलाही तसंच वाटत होतं. बडे बाबू गंमत करत नव्हते. त्यांना दुसऱ्या कुठल्या रीतीनं लिहिताच येत नव्हतं.

मी त्यांच्याच कचेरीत कनिष्ठ लिपिक होते. ते हेडक्लार्क, म्हणून सगळ्यांचे बडे बाबू. वर्ध्याजवळ सिंदी मेघेत त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. ते निवृत्त झाले त्याच महिन्यात मला म्हणाले, "बाई, गुरुवारी येत जाजा. थोडं टंकलेखन आहे." ते थोडं टंकलेखन चौदा वर्षं चाललं.

ते स्वतः कीबोर्डला बोट लावत नसत. हात पाठीमागे बांधून दारापासून तुळशीपर्यंत आणि तुळशीपासून दारापर्यंत येरझारा घालत आणि मजकूर सांगत. स्वल्पविरामसुद्धा तोंडानं सांगायचे. बोलताना आमच्यासारखंच 'मले, तुले', पण सांगायला लागले की शासकीय परिपत्रक. सगळं टाइप झालं की उभ्याउभ्या एकदा वाचायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "करा निर्गमित." मग मी बटण दाबायचं आणि मग काकू चहा आणायच्या, त्याआधी नाही. एकदा मधेच वीज गेली, तर आम्ही तिघं दोन तास कोरडे बसलो होतो. काकू आतून म्हणाल्या, "यायच्या नस्तीपायी दूध नासते एखाद्या दिवशी."

वेळेचं तर विचारूच नका. कोणी सहाला बोलावलं आणि हे दहा मिनिटं आधी पोचले, तर दहा मिनिटं फाटकाबाहेर उभे. माझ्या घरी वास्तुशांतीला आले तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, भर उन्हात छत्री धरून रस्त्यावर उभे होते. मी हाक मारली तर मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि मान हलवली.

मी एखादा शब्द सुचवला की ते थबकायचे. चारातल्या तीन वेळा "नको" म्हणायचे. चौथ्या वेळी बोट वर करून म्हणायचे, "घ्या." ते 'घ्या' ऐकलं की मला प्रमोशन मिळाल्यासारखं वाटायचं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं त्या एका 'घ्या'नं झालं.

कचेरीत त्यांची एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. फार पूर्वी एका साहेबांनी त्यांना एका नस्तीतलं एक पान काढायला सांगितलं. साहेबांच्या चुकीचा शेरा होता त्यावर. बडे बाबू म्हणाले, "साहेब, पान निघत नाई. पानाला नंबर आहे. काढाचं तर पुरी नस्ती नष्ट करायचा आदेश काढा, मी करतो." असा आदेश कोण काढणार? साहेबांनी आदेश काढला तो बडे बाबूंच्या बदलीचा. तीन वर्षं दूरच्या तालुक्याला एकटे राहिले, हातानं भाकरी थापून खाल्ली, पण पान काढलं नाही. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. आम्हीच नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगायचो.

आता आमच्या शिपायाबद्दल. आंजी गावचा होता, तेव्हा तिथूनच रोज सायकलनं यायचा. कामाला चांगला, पण अधूनमधून थोडी घेऊन यायचा. एकदा तपासणीच्या दिवशीच अभिलेखागारात, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीत, गठ्ठ्यांवर झोपला आणि इतका घोरला की तपासणीला आलेल्या साहेबांना वाटलं, आत पंप चालू आहे. बडे बाबूंनी पुढे त्यावर लेख सांगितला. विषय : 'अभिलेखागारातील आवाजाबाबत'. नाव कुठंच नाही. ते सांगत होते, "सदर कर्मचारी गठ्ठ्यांवर झोपलेला आढळून आला." मी म्हटलं, "बडे बाबू, असं लिहू का? 'कार्यालयातील सर्वात जुने पेंडिंग प्रकरण घोरत असताना आढळून आले.'"

बडे बाबू तुळशीपाशी थांबले. ते सहसा हसत नसत, त्या दिवशी हसले. "घ्या," म्हणाले.

वर्ध्यात नाव लिहायची गरज नसते. आठ दिवसांत कचेरीत त्या शिपायाचं नाव 'पेंडिंग' पडलं. मग चहाच्या टपरीवर, मग आंजीत. तो स्वतः हसून घ्यायचा. कोणी "काय पेंडिंगभाऊ" म्हटलं की "हो जी" म्हणायचा. आम्ही म्हणायचो, पाहा, किती खेळीमेळीनं घेतो. माझ्या नवऱ्याला मी अभिमानानं सांगितलं होतं की ते वाक्य माझं आहे.

तो निवृत्त झाला, आणि परवाच्या हिवाळ्यात वारला. पंधराएक दिवस गेले असतील. गुरुवार होता. बडे बाबू सुतार पक्ष्यावर काहीतरी सांगत होते, आणि फाटक वाजलं.

पंचविशीतली मुलगी. मी ओळखलं नाही. तिनं चप्पल काढली नाही, बसलीही नाही. हातातला मोबाईल पुढे धरला.

"हे तुमी लिवलं ना जी?"

बडे बाबूंनी चष्मा लावून वाचलं. "हो."

"मी त्याची पोरगी. आमी आता सिंदी मेघेतच राह्यतो, त्या पाण्याच्या टाकीमागं. माया बापाले आंजीले नेलतं. खांद्यावर घेतलं, तवा मागून एक जण म्हणला, 'चला, पेंडिंग प्रकरण निकाली निघालं.' अन् लोकं हासले. मयतीत हासले जी लोकं! माया भाऊ खांदा देऊन राह्यलता, त्यानं आयकलं."

मी कीबोर्डवर हात ठेवून बसले होते. हात उचलावेत की तसेच ठेवावेत, तेही मला कळेना. बडे बाबूंनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी काहीतरी बोलले असते, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. तिच्याकडे पाहत होते.

"मीच लिवलं," ते म्हणाले. "चुकलं माह्यं."

"चुकलं तं काढून टाका एवढं."

यावर दुसऱ्या कोणीही 'काढतो' म्हटलं असतं. मला बोटानं दाखवलं असतं आणि मी अर्ध्या मिनिटात ते पान उडवलं असतं. बडे बाबू म्हणाले, "एक पान नाई निघत बेटा."

"काऊन नाई निघत?"

"नंबर आहे त्याले. मधातलं पान काढलं का बाकीची नस्ती खोटी होते."

"मंग सारंच काढा!" ती ओरडली. काकू आतून धावत आल्या. "तुमचं पान मोलाचं, अन् माया बाप? तो काय फुकटचा होता?" आणि मग ती उभ्याउभ्याच रडायला लागली. काकूंनी तिला धरायचा प्रयत्न केला, तिनं धरू दिलं नाही.

बडे बाबू तुळशीपर्यंत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "बरोबर म्हनते तू. सारंच काढतो."

तिचा विश्वास बसला नाही, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. ती तशीच निघून गेली.

मी म्हटलं, "बडे बाबू..." ते म्हणाले, "बाई, सुतार पक्षी राहू द्या. नवीन पान घ्या. सहाशे एक्केचाळीस. विषय, ब्लॉग बंद करणेबाबत." चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ब्लॉग हा शब्द वापरला.

मी टाइप केलं ते असं : 'प्रस्तुत नस्ती कायमस्वरूपी नष्ट करण्याचे योजिले आहे. याबाबत कोणाची हरकत असल्यास ती लेखी, सहीनिशी, आजपासून पंधरा दिवसांच्या आत, शेवटच्या दिवशी सायंकाळी पाच वाजेपर्यंत खालील पत्त्यावर पोहोचावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.'

"कारण लिहायचं?" मी विचारलं.

"नाई. कारण लिवलं का तिचा बाप पुन्हा येते त्यात."

"आणि हरकती कशाला मागवता?"

"नष्ट कराच्या आधी मागवा लागतात," ते म्हणाले. "नियम आहे. करा निर्गमित."

त्या दिवशी चहा आला नाही.

लोकांनी काय केलं असेल? हसले. दर वेळी हसायचे तसेच हसले. खाली धडाधड प्रतिक्रिया आल्या : 'बडे बाबू रॉक्स', 'आमची तीव्र हरकत आहे, हा हा', टाळ्या, फुलं, हात जोडलेले. कॅनडाच्या बाईंनी लिहिलं, 'निवृत्तीतून निवृत्तीला शुभेच्छा!' मी एकेक वाचून दाखवली. "ही पाहा, हरकत आहे म्हणतात." बडे बाबू म्हणाले, "सही कुठं आहे?"

"मग पुन्हा एकदा लिहू या, की हे खरंच आहे म्हणून."

"सूचना एकदाच निघते, बाई."

"मी कोणाला तरी सांगते कागद पाठवायला."

"कार्यालयातल्या माणसानं हरकतदार उभा करू नये." म्हणजे मी कार्यालयातली! माझी स्वतःची हरकतही त्यांच्या लेखी चालत नव्हती. नक्कल काढून ठेवते म्हटलं तर म्हणाले, "नक्कल ठेवाची तर नष्ट कराचं कायले?" आणि माझ्याकडून तसा शब्द घेतला. मी दिला. मला तेव्हा त्यांना कुठल्याच गोष्टीला नाही म्हणता येत नव्हतं, आणि का येत नव्हतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दिवस जायला लागले. कचेरीतून येताना मी रोज त्यांच्या घरावरून जायची. काकू फाटकाशी उभ्या असायच्या आणि मला पाहून नुसती मान हलवायच्या. पोस्टमन एकदाच आला, लग्नाची पत्रिका घेऊन. काकू म्हणाल्या, "चौदा वर्सं गुरुवारचा चहा मी केला. मले तरी इचाराचं का, तुयी हरकत आहे का म्हून!" मी म्हटलं, "तुम्ही द्या ना लिहून." तर म्हणाल्या, "देली. कालच देली. तर हे म्हणतात, 'कुटुंबातल्या माणसाची चालत नाई.'"

खरं सांगायचं तर मला दोन्ही हवं होतं. ब्लॉग राहायला हवा होता, आणि माझं नाव बाहेर यायला नको होतं. ती मुलगी पाण्याच्या टाकीमागेच राहत होती. भाजीला जाताना, दळणाला जाताना समोर येणार. कचेरीतही कळणार. अकराव्या दिवशी ती मला खरंच दिसली, दुधाच्या डेअरीवर. माझ्याकडे पाहून तिनं ओळखीची मान हलवली, आणि मी पिशवी तशीच टाकून घरी आले. त्या दिवसापासून मी दूध दुसऱ्या डेअरीवरून आणायला लागले. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू टायपिस्ट. तुझा काय दोष?" मला तेवढंच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर बरं वाटलं नाही.

पंधरावा दिवस गुरुवारच आला. मी अर्धी रजा टाकली. हरकत चालत नव्हती, पण कर्मचाऱ्याला खुलासा देता येतो. मी कागदावर लिहिलं : 'प्रति, मा. बडे बाबू. पान क्रमांक दोनशे सातवरील पेंडिंग प्रकरणाचे वाक्य माझे आहे. ते मी सुचविले. ती मुलगी आली तेव्हा मी गप्प बसले. करिता नस्ती नष्ट करू नये.' खाली पूर्ण सही केली.

चार वाजून वीस मिनिटांनी मी कागद त्यांच्या हातात दिला. कम्प्युटर सुरू होता. शेजारी खुर्ची माझ्यासाठी ओढून ठेवलेली होती. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं.

"वाक्य तुमचं, हे मले माहीत नाई का?"

"माहीत आहे."

"'घ्या' कोण म्हणलं?"

"तुम्ही."

"मंग सही माही आहे. ज्याची सही, त्याचं वाक्य." त्यांनी कागद माझ्याकडे परत केला. "आखरीची ओळ सोडली तर कागद बरोबर आहे. पत्ता चुकला. हे मले देऊन काय फायदा? मले तर सारं माहीत आहे. जिले माहीत नाई तिले द्या."

घड्याळात चार पंचवीस. मी काय हिशेब केला, तो आज लिहिताना लाज वाटते, पण केला. ती मुलगी 'राहू द्या' म्हणाली तर बडे बाबूंना थांबावंच लागेल. मी पेन घेतलं, शेवटची ओळ खोडली आणि प्रति पुढचं नाव बदललं. तिचं नाव मला माहीत नव्हतं. ते बडे बाबूंनी सांगितलं. मी बाहेर पडले. पळालेच म्हणा ना.

दार तिनंच उघडलं. घरात तिची आई निजलेली होती. तिनं कागद वाचला, पुन्हा वाचला.

"मी रडून राह्यलती," ती म्हणाली, "तवा तुमी तिथंच बसून होत्या."

"हो."

"बडे बाबूनं तुमचं नाव नाई घेतलं."

"नाही घेतलं."

तिच्या डोळ्यांत राग होता तोवर मला उभं राहता येत होतं. मग तिनं नजर पुन्हा कागदावर वळवली, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला बारा मिनिटं कमी. तिनं माझी नजर पकडली.

"घाई हाये का तुमाले?"

मग मी सांगितलं. की पाच वाजता सगळं मिटणार आहे, चौदा वर्षांचं. की तुम्ही एक शब्द लिहून दिलात तर राहील. की त्या पानांत किती लोक आहेत, किती चांगलं आहे. मी भराभर बोलत होते आणि तिचा चेहरा दगडासारखा होत चालला होता.

"म्हंजे त्याच्यासाठी आल्या तुमी," ती म्हणाली.

तिनं कागद घडी करून मुठीत धरला आणि दार लावलं. आपटलं नाही. नुसतं लावलं.

मी परत आले तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती. बडे बाबू माझ्या खुर्चीत बसले होते. कीबोर्डसमोर. चौदा वर्षांत मी त्यांना तिथं बसलेलं पाहिलं नव्हतं. पडद्यावर पांढरं पान आणि मधोमध एक ओळ, की या पत्त्यावर काहीही सापडत नाही.

"बडे बाबू! पाच वाजले नव्हते!"

"नव्हते," ते म्हणाले. "तुम्ही फाटकाबाहेर गेल्या, तवाच मिटवलं. माह्या पोरानं फोनवर सांगितलं, कुठं दाबाचं ते."

मला इतका राग आला की मी त्यांच्या अंगावर ओरडले. फाटकाबाहेर दहा दहा मिनिटं उभं राहणारा माणूस, आणि आजच बरी घाई सुचली! "मी तिच्याकडे गेले होते ना! ती हो म्हणाली असती तर? माझ्यासाठी अर्धा तास थांबता आलं नाही तुम्हाला?"

"हो म्हणली का?"

"नाही."

"काय म्हणली?"

मी सांगितलं. त्याच्यासाठी आल्या तुमी, असं म्हणाली, हेही सांगितलं. सांगता सांगता मला रडू आलं. बडे बाबूंनी चष्मा काढून पुसला. सहाशे एक्केचाळीस पानं त्यांची होती, माझी नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

"बाई, म्हून तर मिटवलं," ते म्हणाले. "ते राह्यलं असतं तोवर तुमची माफी त्याच्याच कामी लागली असती. तिले ते कळाचंच होतं. आता काई नाई उरलं वाचवाले. आता जा."

"पुन्हा?"

"आता पहिल्यांदा."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मला वाट करून दिली. मी त्याच रस्त्यानं पुन्हा टाकीकडे गेले, या वेळी चालत. मनात काहीही ठरवलेलं नव्हतं. सांगायला शहाणपणाचं एक वाक्य नव्हतं, आणि त्या दिवशी ते नव्हतं तेच बरं झालं.

दार उघडायला वेळ लागला. कागद अजून तिच्या हातातच होता.

"आता काय राह्यलं तुमचं?" ती म्हणाली.

"काई नाई राह्यलं," मी म्हटलं. "मिटलं सारं. म्हून आली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दारातून बाजूला झाली, आणि मी चप्पल काढून आत गेले.